चादरीखालचा सौदा

"नळीबिळी काय घालायची न्हाय, बाई. माज्या तोंडाकडं बगा. मराय टेकलेल्या माणसाचं तोंड असं असतंय व्हय?"

मायाप्पा गोरड खाटेवर मांडी घालून बसले होते आणि हसत होते. नाकात ऑक्सिजनच्या जाड नळ्या, अंगात रुग्णालयाचा हिरवा सदरा आणि डोक्याला तांबडा पटका. तो कुणी कितीही सांगितलं तरी त्यांनी काढला नव्हता. चेहरा तर आठवड्याच्या बाजारात बसल्यासारखा निवांत. फक्त डोक्याशी लावलेल्या पडद्यावर त्र्याऐंशीचा आकडा लुकलुकत होता. धडधाकट माणसाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा हा आकडा पंच्याण्णवच्या वर असतो. त्र्याऐंशीला आलेली माणसं त्या उन्हाळ्यात मी खाटेचे गज धरून धापा टाकताना पाहिली होती. आणि हे गृहस्थ मला तोंडाकडे बघा म्हणत होते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल. माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं सरकारी रुग्णालय होतं आणि त्यातला अतिदक्षता विभाग म्हणजे मूळचा बाळंतिणींचा वॉर्ड. मी तिथली भूलतज्ज्ञ. गावात मला भुलीची बाई म्हणायचे. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं आणि नंतर जागं करायचं, एवढंच माझं काम. त्या वर्षी झोपवणं तेवढं उरलं होतं.

फुप्फुसं भरून आलेल्या माणसाला श्वास द्यायच्या आमच्याकडे तीन तऱ्हा होत्या. पहिली, नाकातून जोराच्या झोताने ऑक्सिजन. तो मायाप्पांना चालूच होता. दुसरी, नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क. त्यातून यंत्र हवा आत ढकलतं, पण श्वास रोग्यालाच ओढावा लागतो. तिसरी, माणसाला पूर्ण झोपवून घशातून नळी घालायची आणि श्वासाचं सगळं काम व्हेंटिलेटरवर सोपवायचं. ही तिसरी तऱ्हा माझ्या हातात होती.

डॉक्टर मुजावरांनी मला खिडकीशी बोलावलं. वयाने माझ्याहून बरेच लहान, पण फिजिशियन म्हणून तयार. आवाज खाली ठेवून म्हणाले, "मॅडम, आत्ताच नळी टाकूया. दमून कोसळल्यावर टाकली तर हातातच जातील."

"आणि आत्ता टाकली तर?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले.

"मुजावर, आपण नळ्या टाकलेली किती माणसं चालत घरी गेली, ते सांगा की."

"तुम्हाला माहीत आहे, मॅडम."

मला माहीत होतं. दहातली दोन. व्हेंटिलेटर एक रिकामा होता, तेव्हा यंत्र नाही म्हणून रडायची सोयही नव्हती. घाई करावी तर आठजणांच्या रांगेत मायाप्पांना मीच नेऊन उभं करणार. थांबावं तर कदाचित नळीविनाच निभावेल, नाहीतर अशा वेळी कोसळतील की काही करायला उसंत मिळणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मी तापट आहे, हे आमच्या घरच्या भिंतींनाही ठाऊक आहे. पण त्या दिवसांत माझ्या रागाच्या खाली भीती असायची. सकाळी ते अंगभर संरक्षक किट चढवायला मी उगाच वेळ लावायचे.

"आधी पालथं झोपवून बघू," मी म्हटलं. पालथं झोपवलं की फुप्फुसांचा पाठीकडचा भाग उघडतो आणि पुष्कळांचा आकडा चढतो. मुजावरांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी मान हलवली.

मायाप्पांना सांगितलं तर ते खवळलेच. "पालथं? पालथं पडतंय ते दारूडं न्हायतर मडं. आमच्यात जितं माणूस पालथं निजत न्हाय."

लोखंडे सिस्टरांनी समजावलं, मी समजावलं, मग मी ओरडले. माझ्या ओरडण्याने वॉर्डबॉय हलायचे, हे हलले नाहीत. शेवटी मी नियम गुंडाळून ठेवला आणि बाहेर निंबाखाली बसलेल्या त्यांच्या लेकीला, शालनला, किट चढवून आत घेतलं. तिशीची उंच, काटक बाई. एवढ्या गुंडाळलेल्या अवतारातही बापाने तिला चालीवरून ओळखलं.

"आबा, बाई म्हणत्यात तसं करा की."

"किती येळ पालथं?" त्यांनी मला विचारलं.

"चार तास."

"एक."

"आबा, ही काय भाजी आहे घासाघीस करायला?" मी म्हटलं. "तीन तरी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी काहीतरी गावंढळपणा केलाय. "बाई, सौदा असा चवाट्यावर तोंडानं करत्यात व्हय? हात आणा." आणि त्यांनी पायावरची चादर ओढून आपल्या हातावर घेतली.

मला काही कळेना. शालन किटच्या आत हसली. "आबा हेडी हायत, बाई. जनावरांच्या बाजारातलं दलाल. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत न्हाईत. रुमालाखाली एकमेकाची बोटं धरायची. दोन धरली की दोन, बोट निम्म्यावर धरलं की अर्धा. भवतीनं शंभर माणसं हुबी ऱ्हायली तरी कुणाला भाव कळत न्हाय. आकडा पटला की हाताला झटका. न पटला तर हात सोडायचा, सौदा मोडला."

"आन खोटं?" मायाप्पा म्हणाले. "त्ये सांग की बाईला."

"तोंडानं हज्जार थापा मारा, बाजारात चालतंय. हातात खोटं चालत न्हाय. हातात खोटा आकडा दिला तर त्येच्यासंगं पुन्हा कोण रुमाल धरत न्हाय."

मी हात चादरीखाली घातला.

"मोजं काढा," मायाप्पा म्हणाले.

"हातमोजे काढता येत नाहीत."

"मोजं घालून सौदा. काय दिस आलं." पण त्यांनी माझी बोटं धरली. आधी एक. मी त्यांची तीन धरली. त्यांनी दोन धरली आणि मग तिसरं निम्म्यावर. अडीच तास. मी कबूल म्हणून मान हलवली, तर त्यांनी डोळे वटारले. मान नाही, झटका. मी झटका दिला. मायाप्पा गोरड मुकाट्याने पालथे झाले.

शालन त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सांगत होती, की ताप आला तरी आबा आठ दिवस कुणाला बोलले नाहीत, उलट शेजाऱ्यांची चेष्टा करत अंगणात बसायचे. "आबाच्या तोंडावरनं काय कळायचं न्हाय, बाई. एकदा यात्रेत रुमाल धरलावता आन बैलानं पायावर पाय दिला. अंगठ्याचं हाड मोडलं. तोंडावरची रेघ हलली न्हाय. सौदा ठरला, गिऱ्हाईक बैल घेऊन वाटंला लागलं, तवा आबा खाली बसलं. म्या म्हणलं, वराडला का न्हाय? तर म्हणं, तोंड पडलं की भाव पडतोय."

मी हसले. त्या वेळी मला ती एक गंमतच वाटली.

आकडा चढला. सत्त्याऐंशी, मग नव्वद. लोखंडे सिस्टर प्रत्येक नव्या आकड्याला माझ्याकडे बघायच्या. माझ्या जिवात जीव आला. किट उतरवून मी बाहेर जाऊन चहा प्यायले, बिस्कीटही खाल्लं. मुजावर म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर ठरलं." मी वरवर नको नको केलं, पण आतून सुखावले होते. खोटं कशाला बोलू.

अडीच तास भरल्यावर मायाप्पा शब्दाला जागून उताणे झाले आणि तासाभरात आकडा पुन्हा घसरायला लागला. तेव्हा दुसरी तऱ्हा. घट्ट मास्कचे पट्टे बांधायला पटका काढावा लागला. तो त्यांनी शालनच्या हातात दिला. उघड्या डोक्याचे मायाप्पा एकदम वयस्क दिसायला लागले.

पण मास्क लावल्यावर आकडा एक्क्याण्णववर गेला आणि तिथेच राहिला. मास्कमुळे बोलता येत नव्हतं, म्हणून ते अंगठा दाखवायचे. बरं आहे का, आबा? अंगठा. दुखतंय काही? मानेनेच नाही. मास्कच्या काचेआडून शालनकडे बघून हसायचे.

"आबा आता बरं हायत, बाई. हसाय लागल्यात," शालन म्हणाली.

"आता हलवायचं नाही," मुजावर म्हणाले. "असंच ठेवूया. मला वाटतं नळी टळली."

मलाही तेच वाटत होतं. बाहेर ऊन रणरणत होतं, किटच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि मला एकदाची एक बरी बातमी हवी होती. मी पुढच्या खाटेकडे वळले. वळले आणि थांबले. शालनचं ते वाक्य कुठून तरी वर आलं. तोंड पडलं की भाव पडतो. सकाळपासून आम्ही सगळे काय बघत होतो? पडद्यावरचा आकडा, तो यंत्राच्या जोरावरचा. आणि तोंड, तेही एका हेड्याचं.

मी परत फिरले. खाटेच्या कडेला टेकले आणि हात चादरीखाली सारला.

"आबा, खरं सांगा. अजून किती तास ओढाल?"

ते शालनकडे बघत होते. तिला मानेने बरं आहे म्हणत होते. चादरीखाली त्यांचा हात माझ्या हाताशी आला. हातमोज्यातूनही कळावं इतका तो गार होता. त्यांनी माझं एक बोट धरलं. मग पकड खाली सरकली आणि निम्म्यावर थांबली.

अर्धा.

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, निम्मं बोट. आणि वर तोंड हसतंय. मग मी त्यांच्या मानेकडे पाहिलं. प्रत्येक श्वासाला मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणत होत्या. सदऱ्याची कॉलर वर ओढून त्यांनी त्या झाकल्या होत्या. ते आम्हा सगळ्यांपासून लपवत होते, लेकीपासून तर आधी.

मी उठले. "मुजावर, नळीची तयारी करा."

"मॅडम?" त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "एक्क्याण्णव आहे!"

"असू दे."

"सकाळी त्र्याऐंशीला नको म्हणालात आणि आता एक्क्याण्णवला टाकायची? कशावरून?"

"ते दमलेत. अर्ध्या तासाचं बळ उरलंय."

"त्यांनी सांगितलं?"

"हाताने."

त्यांच्या जागी मी असते तर मीही वेड्यात काढलं असतं. "मॅडम, सकाळी मी घाई करत होतो तेव्हा तुम्हीच दहातल्या दोनाची आठवण करून दिलीत."

"सकाळी मी त्यांचं तोंड बघत होते," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा. "आकडा पडेल तेव्हा वेळ नसेल, हेही तुम्हीच सांगितलं होतं. जा, औषधं भरा." ते गेले. नाखुशीने, पण गेले.

मायाप्पांना सांगायला गेले तर त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी मास्क दोन बोटांनी जरासा उचलला. "घालायची म्हंता?"

"हो, आबा."

एक श्वास ओढला. "पाण्यात म्हस... आन भाईर मोल." आणखी एक. "दहात... किती उठत्यात?"

लोखंडे सिस्टरांनी झटकन मास्क परत दाबला. शालन पायथ्याशी पटका छातीशी धरून उभी होती. "काय म्हणत्यात आबा? बाई, काय इचारलं त्येंनी?"

असं कुणी विचारलं की काय बोलायचं, ते आम्हा डॉक्टरांना तोंडपाठ असतं. काळजी करू नका, बरे व्हाल. माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मायाप्पा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. चादर जराशी उचललेली होती आणि तिच्याखाली त्यांचा पंजा उघडा होता.

मी हात घातला. त्यांची दोन बोटं धरली.

ते हलले नाहीत. मास्कच्या आत वाफ येत होती, जात होती. मला भीती वाटली, की आता हे हात सोडणार. सोडला तर सौदा मोडला. नको म्हणायचा त्यांना हक्क होता, आणि मग त्यांना डोळ्यांसमोर बुडताना बघण्यापलीकडे माझ्या हाती काही राहिलं नसतं. मी माझे डोळे शांत ठेवले. बाकी तोंड झाकलेलंच होतं, ते बरं.

त्यांची बोटं हलली. माझी दोन बोटं धरली त्यांनी आणि तिसरं हळूच ओढलं. तीन करा. तशा अवस्थेत माणूस घासाघीस करत होता. मला रडू फुटायचं बाकी राहिलं. तीन म्हणायला माझं काय जात होतं? पण ते हातात विचारत होते. मी तिसरं बोट सोडवून मागे घेतलं.

क्षणभर त्यांनी माझी दोन बोटं तशीच धरून ठेवली. मग झटका दिला.

"काय ठरलं, बाई?" शालनचा आवाज फाटला होता.

"नळी घालायचं ठरलं."

मायाप्पांनी पुन्हा मास्क उचलला. आता सिस्टरांनी अडवलं नाही. "शालन, खोंडाला... पाणी दाव. उनात बांदू नगं."

"दावते, आबा."

तिला बाहेर पाठवलं. औषध शिरेत गेलं, डोळे मिटले, मास्क काढला आणि आकडा धाडकन पडला. एक्क्याण्णववरून पंच्याहत्तर, मी घशात दुर्बीण घालेपर्यंत साठ. घसा सुजलेला, सगळीकडे फेस. "छप्पन," मुजावर म्हणाले. "मॅडम, छप्पन." मला काही दिसत नव्हतं. चष्म्यावर वाफ. सिस्टरांनी न सांगता फेस ओढून घेतला, तेवढ्यात स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधली काळी फट दिसली, आणि मी नळी आत सरकवली. नळी बसली. छाती वर आली. आकडा आणखी खाली जाऊन थांबला, बराच वेळ हलेनाच, मग एकेक करून वर यायला लागला.

मुजावर भिंतीला टेकले. "मॅडम, त्यांच्यात काहीच शिल्लक नव्हतं. अजून थोडं थांबलो असतो तर..."

"माहीत आहे."

"माणूस हसत होता हो."

पुढचे दिवस वाईट गेले. ताप उतरला नाही, मूत्रपिंडं रुसली, रोज त्यांना आम्ही चौघं मिळून पालथं करायचो. आता ते नाही म्हणायला जागे नव्हते. शेजारच्या खाटा भरत होत्या आणि रिकाम्या होत होत्या. कशा रिकाम्या होत होत्या ते सांगत नाही. शालन रोज निंबाखाली असायची. पटका धुऊन, घडी घालून मांडीवर घेऊन बसायची. मला बघितलं की उभी राहायची, आणि मी "आहेत" म्हटलं की खाली बसायची. आमचं बोलणं एवढंच. पुढे नळी घशातून काढून गळ्याला छेद देऊन बसवली. मग व्हेंटिलेटर थोडा थोडा वेळ काढायला लागलो.

एका सकाळी मी आणि मुजावर राऊंडला आलो तर ते उशीला टेकून जागे होते. व्हेंटिलेटर बंद. गळ्यातल्या नळीमुळे आवाज फुटत नव्हता. शालनला आता नुसत्या मास्कवर आत सोडत होतो, ती बाजूला पेज भरवायला बसली होती. मायाप्पांचे गाल आत गेले होते, हातापायांची काटकी झाली होती, आणि तोंड पार पडलं होतं. थकलेलं, भ्यालेलं, डोळ्यांतून पाणी गळणारं तोंड. लपवायची काही खटपट नव्हती. त्या तोंडाकडे बघून मला पहिल्यांदा वाटलं, की हा माणूस जगला.

"आबा, ओळखलं का?" मी विचारलं.

त्यांनी चादर ओढली. मी हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली आणि हातमोज्याकडे बोट केलं. मुजावरांनी माझ्याकडे पाहिलं. मायाप्पांचा संसर्ग केव्हाच संपला होता. मी मोजा काढला.

चादरीखाली त्यांचा हात ऊबदार होता. जोर नव्हता, पण पकड ओळखीची. माझी दोन बोटं धरली.

"काय म्हणत्यात, बाई?" शालन वाटी खाली ठेवून पुढे झाली.

मायाप्पांनी तिसरं बोट ओढलं. या वेळी मी ते मागे घेतलं नाही.